चांद्याहून चामोर्शीला : एक एकर बांधीची गोष्ट

दरवर्षी नागपूरची दीक्षाभूमी झाली, की आम्ही उभयता चांद्याची एसटी धरतो. १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा देऊन बाबासाहेब १६ तारखेला चांद्याला आले होते. कागदोपत्री चंद्रपूर होऊन किती वर्षे झाली, तरी आमच्या तोंडी अजून चांदाच आहे. यंदा आमची धाकटीही सोबत होती. ती बारावीला आहे, आणि 'बारावीनंतर काय?' या प्रश्नाने सध्या आमच्या घरात ठाण मांडले आहे. त्यातच चामोर्शी तालुक्यातल्या मावसबहिणीचा निरोप आला होता : "दादा, वहिनी, एक एकर बांधी विकायची म्हणतात. विकायच्या आधी एकदा येऊन जा."

म्हणून यंदाचा प्रवास चांद्यावर न थांबता वैनगंगेपलीकडे गेला. त्या प्रवासात जे पाहिले आणि जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. अनेकांच्या घरात आज हाच विषय असेल.

वरोरा गेले, भद्रावती गेली. भद्रावतीजवळ विजासनची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. पुढे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या, की चांदा आले म्हणून समजावे. गाव गोंड राजांचे, अजून परकोट आणि दरवाजे उभे आहेत. जटपुरा दरवाजातून रिक्षा काढताना आजही चालकाला दम धरावा लागतो.

दीक्षाभूमीवर नेहमीप्रमाणे गर्दी होती. पांढरी लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, कडेवर लेकरे, डोक्यावर भाकरीची गाठोडी. पुस्तकांच्या दुकानांपुढे तरुण मुलांची रीघ. दीक्षाभूमीच्या आवारात बाबासाहेबांच्या नावाचे महाविद्यालय आहे. दीक्षेची जागा आणि वर्गाची खोली शेजारी शेजारी असावी, हे आम्हांला फार योग्य वाटते. याच चांद्याचे राजाभाऊ खोब्रागडे विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले आणि १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते. मागच्या पिढीतले आईबाप मुलाला त्यांचे नाव सांगून शाळेत धाडत. "शीक, बॅरिस्टर नाही तर मास्तर तरी हो," एवढेच त्यांचे स्वप्न होते.

रात्री दुर्गापूरकडे चुलत दादांच्या घरी मुक्काम केला. दादा कोळसा खाणीतून निवृत्त झाले आहेत. १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनी निघाली आणि १९८३ साली इथल्या वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. त्या काळात आमच्या कितीतरी घरांत पहिला पगार आला. दादा म्हणाले, "आमच्या वेळी सुखाची व्याख्या सोपी होती. खाणीत परमनंट, कंपनीचा क्वार्टर, दवाखाना फुकट, आणि पोरगा कॉन्व्हेंटला. झालं!"

आता त्यांचा मोठा मुलगा तिथेच ठेकेदाराकडे काम करतो. काम तेच, मातीही तीच. पण क्वार्टर नाही आणि उद्याची खात्री नाही. धाकटा अभियंता होऊन पुण्यात आहे. तो पगार सांगत नाही, पॅकेज सांगतो. दादा हसून म्हणाले, "दोघेही माझेच. पण एकाच्या अंगावर कोळसा आहे आणि एकाच्या डोक्यावर हप्ता."

दुसऱ्या दिवशी सकाळी गडचिरोलीची गाडी पकडली. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट लागते, त्यामुळे आमच्या तिघांचे भाडे दोघांच्या भाड्यात निघाले. चिचपल्लीपर्यंत दोन्ही बाजूंना रान, साग आणि बांबू. मूल आले की रान मागे सरते आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. ऑक्टोबरात धान लोंबीला आलेले असते, कुठे हिरवे तर कुठे पिवळे. सावली, व्याहाड आणि मग वैनगंगेचा पूल. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा.

हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्यातून वेगळा झाला. आमच्या तरुणपणी इकडचा मुलगा पदवीच्या कागदासाठी नागपूर विद्यापीठाच्या खेपा घाली. चांद्याला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये निघाले, गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये आले. चांद्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झाले आणि गडचिरोलीला २०२४ मध्ये. शिक्षण दाराशी आले, हे खरे. पण दारातून आत जायला काय लागते, ते बहिणीच्या घरी कळले.

बहिणीचे घर मातीचे, वर कवेलू. तीन एकर धान, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. तेंदूच्या हंगामात पहाटे चारला उठून रानात जायचे, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. या घरात पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आजवर त्या पुडक्यांनीच भागवला. भाची नागपूरला खाजगी महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावातली ती पहिली इंजिनियर होणार.

जेवणे झाल्यावर भाऊजींनी विषय काढला. महाविद्यालयाची सत्तर हजारांची थकबाकी निघाली होती. आम्ही विचारले, "अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती आहे ना? उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, मग फी कशी थकली?"

कोणी बोलेना. शेवटी भाचीच म्हणाली, "मामा, पैसे आले होते. माझ्याच खात्यात आले होते. आजीचं ऑपरेशन निघालं. मला वाटलं स्कॉलरशिप म्हणजे आपलेच पैसे. घरी दिले."

चूक कोणाची म्हणावी? पूर्वी फीची रक्कम महाविद्यालयाकडे जाई, मुलाच्या हाती फक्त निर्वाह भत्ता येई. आईबापांच्या डोक्यात तोच हिशेब पक्का बसला आहे. २०२१ पासून नियम बदलला. केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो, आणि त्यातली फीची रक्कम त्याने महाविद्यालयात भरायची असते. जो पैसा आपल्या खात्यात आला, तो सगळा आपला नसतो. एवढे एक वाक्य त्या पोरीला कोणी सांगितले असते, तर जमिनीवर पाळी आली नसती.

आणि सत्तर हजारांसाठी एकर का विकायचा? तर कोनसरीकडे पोलादाचा प्रकल्प आल्यापासून या भागात जमिनीला गिऱ्हाईक हिंडते आहे. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रस्त्याने जाताना दिसतात. दलालाने लाखांची भाषा केली होती. भाचीची फी भरून जे उरेल त्यात स्लॅबचे घर आणि पोराला मोटारसायकल, असा बेत घरात शिजला होता. भाचा म्हणाला, "मामी, गावात सगळ्यांचे स्लॅब पडले. आमच्याच घरात पाणी गळते." त्यालाही आम्ही वाईट म्हणणार नाही. गळक्या कवेलूखाली ज्याने पावसाळे काढले, त्याला स्लॅबचे स्वप्न पडू नये तर काय पडावे?

पण म्हातारी, जिच्या ऑपरेशनाला ते पैसे गेले, ती खाटेवरून बोलली, "बांधी गेली का मंग रोवणा दुसऱ्याच्या बांधीत. मी तेच करत आली, बापा. पोरीनं कराव म्हणून तिले शिकवलं का?"

मग आम्ही वही घेऊन बसलो. फीचा आकडा सर्वांना पाठ होता. खोलीभाडे, मेस, गाडीभाडे, छपाई, परीक्षा अर्ज यांची बेरीज मात्र कोणी केलीच नव्हती. ती वर्षाला फीइतकीच जड निघाली. भाचीला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. अशा मुलांसाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. नागपूर, पुणे, मुंबई अशा शहरांत शिकणाऱ्याला भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला साठ हजार रुपये, इतर महानगरपालिकांच्या शहरांत एक्कावन्न हजार. तिने अर्जच केला नव्हता. "वसतिगृह नाही म्हणाले, म्हणून परत आले," ती म्हणाली.

हक्काच्या या गोष्टी सहज मिळालेल्या नाहीत, हे आपण मुलांना सांगत नाही. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. धर्मांतरानंतर राज्याच्या सवलती १९६० पासून मिळाल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी नवबौद्धांना १९९० पर्यंत थांबावे लागले. आणि खुद्द बाबासाहेबांचे शिक्षण तरी कसे झाले? १९१३ साली बडोद्याची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला गेले. तिची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजारांचे कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. शिष्यवृत्ती, बचत, मदत आणि कर्ज, असा तो चार ठिकाणचा पैसा होता. मुंबईत घर रमाईंनी चालवले. हे भाचीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्यांचंही मधेच अडलं होतं." तिचा चेहरा तेवढ्याने मोकळा झाला.

त्या रात्री वहीत जमवाजमव झाली. खाणीतल्या दादांनी फोनवरच वीस हजार कबूल केले, आमचे दहा, बहिणीच्या बचत गटाचे वीस हजार कर्ज. राहिलेले वीस हप्त्याने भरू द्यावेत असा अर्ज भाचीने स्वतःच्या हाताने लिहिला. दिवाळीनंतर कळले, हप्ते मान्य झाले. स्वाधारचा अर्जही तिने भरला आहे. जमीन विकलेली नाही. घर अजून गळते, आणि भाच्याचा राग अजून गेलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याला आम्ही शब्द दिला आहे, की बहिणीला नोकरी लागेपर्यंत थांबायचे नाही. येत्या तेंदूच्या हंगामाचा पैसा आधी छपराला.

वाचकहो, आपल्या आजोबांना शाळेची पायरी हवी होती, बापाला परमनंट नोकरी. आपल्या मुलांना पॅकेज, फ्लॅट आणि गाडी हवी आहे. त्यात पाप काही नाही. मात्र शिक्षणासाठी घरातली शेवटची वस्तू विकण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. फीच्या शेजारी राहण्या-खाण्याचा आकडा लिहावा. समाजकल्याण कार्यालयात आणि महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात स्वतः जाऊन विचारावे. आणि मुलीच्या पासबुकात रक्कम आली, की ती कशाची आहे हे घरातल्या सर्वांनी मिळून वाचावे.

परतताना वैनगंगेच्या पुलावर धाकटीने विचारले, "माझ्या शिक्षणासाठी आपल्याकडे किती आहेत?" आजवर आम्ही तिला हे सांगितले नव्हते. मुलांना चिंता कशाला, असे वाटे. मूल येईपर्यंत आम्ही तिला सगळे सांगितले, कर्जासकट. तिने वही मागितली आणि गाडीच्या हिंदकळ्यात, वाकड्या अक्षरांत बेरीज मांडायला घेतली.