मावशीचा कॅमेरा

आपल्या घरांत पहाटे उठणे ही काही नवलाची गोष्ट नाही. कुणाला पहिल्या पाळीला जायचे असते, कुणाला नळाचे पाणी भरायचे असते, कुणाला डबे करायचे असतात. पहाट ही आपल्यासाठी कायम कामाचीच वेळ. मी स्वतः ३१ वर्षे एका सरकारी दवाखान्यात आया म्हणून नोकरी केली. त्यातल्या निम्म्याहून अधिक रात्री रात्रपाळीच्या. उजाडताना मी वॉर्डातल्या चादरी बदलत असायची, नाहीतर पहिल्या बसने घरी परतत असायची. निवृत्त झाले, नोकरी सुटली, पण चारला डोळा उघडण्याची सवय काही सुटली नाही. त्या रिकाम्या पहाटेचे मी काय केले, ते माझ्या भगिनींना सांगावे म्हणून हे चार शब्द.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिने एक जुना वापरलेला कॅमेरा आणि लांबचे टिपणारी एक लेन्स माझ्यासाठी हप्त्याने घेतली. घरात मोठा वाद झाला. मुलीचे बाबा म्हणाले, "घराच्या पत्र्यातून पाणी गळतंय आणि तू आईला पाखरांचे फोटो काढायला कॅमेरा देतेस? हे शौक आपल्यासारख्यांचे नव्हेत." मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, आईने आयुष्यभर दुसऱ्यांचं अंथरूण साफ केलं. तिने स्वतःसाठी एकदा तरी काही मागितलं का?" ते गप्प झाले, पण मनातून पटले नव्हते. खरे सांगायचे तर मलाही तो खर्च टोचत होता. पत्रे पावसाळ्याआधी बदलले, तोवर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

निफाड तालुक्यात माझी मोठी बहीण दिली आहे. तिच्या गावापासून नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य जवळ. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला गेला. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटे, पाणवनस्पती तयार झाल्या. धरण गाळाने भरणे हे शेतीच्या पाण्याच्या दृष्टीने नुकसानच; पण त्याच गाळाने पाखरांचे घर उभे केले. १९८६ साली येथे अभयारण्य झाले. पाणथळ जागा जपण्यासाठी १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी देशोदेशींचा करार झाला होता. त्या कराराच्या यादीत २०२० च्या जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरचे नाव जाहीर झाले. महाराष्ट्रातून ते पहिलेच नाव. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

थंडीत मी बहिणीकडे मुक्कामाला जाते. पहाटे भाचा मोटारसायकलवरून चापडगावला सोडतो. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर, पायात जाड मोजे घातले तरी बोटे आखडतात. रंगीत, भडक कपडे चालत नाहीत. आपली पांढरी साडी विहारात शोभते, पण पाण्याकाठी ती लांबून चमकते आणि पाखरे सावध होतात. म्हणून मी मातकट रंगाचा पंजाबी ड्रेस शिवून घेतला. जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात तांदूळ भरले. जमिनीवर ती पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की हात थरथरला तरी कॅमेरा हलत नाही. तीन पायांच्या स्टँडला पैसे घालायची गरज पडली नाही.

उजाडण्याआधी काही दिसत नाही, नुसते ऐकू येते. पाण्यावर धुके आणि धुक्यात हजारो पाखरांची कुजबुज. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे वर येतो. मग एकेक आकार उमटू लागतो. काळे अंग आणि कपाळावर गंध लावल्यासारखी पांढरी खूण असलेले पाणपक्षी थव्याने पोहतात. त्यांचे नावच वारकरी. लाल काड्यांसारख्या लांब पायांचा शेकाट्या चिखलात तोलून पाऊल टाकतो. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यातून डोकावते. केशरी रंगाचा चक्रवाक जोडीने बसतो. त्याला ब्राह्मणी बदक असेही म्हणतात, मी आपली चक्रवाकच म्हणते! तो लडाख-तिबेटकडच्या उंच प्रदेशात अंडी घालतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. कामासाठी गाव सोडून आलेली माणसे आपल्या वस्तीत कमी नाहीत. त्यामुळे या पाहुण्यांचे मला फार जवळचे वाटते.

फोटोचे तंत्र मला भाच्याने आणि तिथल्या वाटाड्या पोरांनी शिकवले. सूर्य आपल्या पाठीशी असावा. पाखराच्या डोळ्यावर नेम धरावा. डोळा स्पष्ट आला की फोटो जिवंत वाटतो. उभ्याने खाली पाहून काढण्यापेक्षा जमिनीवर बसून, पाखराच्या उंचीवरून काढावा. उडते पाखरू टिपायचे तर कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून मिटला पाहिजे, नाहीतर पंख पुसट येतात. धुक्यात कॅमेऱ्याला वाटते की उजेड फार आहे आणि फोटो काळपट येतो, म्हणून थोडा उजेड वाढवावा लागतो. उलट गडद पाण्यावर पांढरा पक्षी असेल तर उजेड कमी करावा, नाहीतर त्याची पिसे दिसतच नाहीत, नुसता चुन्याचा ठिपका दिसतो.

यापेक्षा मोठी गोष्ट मात्र मला कुणी शिकवावी लागली नाही. झोपलेल्या माणसाला जाग येऊ न देता त्याच्या खाटेभोवती काम करणे मी ३१ वर्षे करत आले. पाय कसा टाकावा, श्वास कसा धरावा, किती वेळ एका जागी राहावे, हे सगळे वॉर्डातले शिक्षण इथे उपयोगी पडले.

मागच्या हिवाळ्यातली एक सकाळ सांगते. मी काठाला बसले होते. समोर दर्विमुख, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचा पांढरा पक्षी, पाण्यात चोच डावी-उजवी फिरवत खाद्य शोधत होता. नावाने चमचा, पण कुणाची चमचेगिरी न करता स्वतःच्या कष्टाने पोट भरणारा! तेवढ्यात चार-पाच जण मोठमोठ्या लेन्स घेऊन आले. एकाने मला पाहून म्हटले, "ए मावशी, इथला कचरा उचला जरा, फोटोत येतोय. आणि चहा कुठे मिळतो?" दवाखान्यातही मला सगळे मावशीच म्हणत. भाचाही मावशी म्हणतो. शब्द एकच, पण कुठल्या सुरात कोण म्हणतो ते कानाला बरोबर कळते.

मी काही बोलले नाही. पण मग त्यांनी वाटाड्या पोराला सांगितले, "दगड मार एक, थवा उडाला पाहिजे." पोरगा घुटमळला. त्याची रोजी त्यांच्या हातात होती. तेव्हा मी उठले. म्हटले, "दादा, दगड नाही मारायचा. ही पाखरं हजारो मैल उडून आलीत. थंडीत खाऊन अंगात ताकद साठवतात आणि तेवढ्यावर परत जातात. उगाच उडवलं की ती ताकद जाते." "तुम्ही कोण?" असे त्यांनी विचारले. मी कॅमेरा उचलून दाखवला. "मीही फोटोच काढायला आले आहे. आणि अभयारण्यात प्राण्यांना त्रास द्यायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. कचरा टाकायलाही." पोरालाही धीर आला. तो म्हणाला, "ताई बरोबर बोलतात साहेब, आम्ही दगड मारत नाही." ते पुटपुटत पुढे गेले. त्यांच्यातला एक तरुण तेवढा मागे राहिला. माझ्याजवळ जमिनीवर बसला आणि तांदळाची पिशवी कशी शिवली ते विचारू लागला.

त्या दर्विमुखाचा फोटो त्याच सकाळी मिळाला. मुलीने तो मोठा करून फ्रेम करून पाठवला. तो कुठे लावायचा यावर घरात पुन्हा वाद झाला, पण या वेळी मुलीच्या बाबांनी स्वतः खिळा ठोकला. पाहुणे आले की ते सांगतात, "हा आमच्या हिने काढलाय." पत्र्याचा विषय ते आता काढत नाहीत.

भगिनींनो, सुंदर गोष्टी पाहणे ही पैसेवाल्यांची मक्तेदारी नाही. कॅमेरा नसला तरी अडत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एका रविवारी मुलाबाळांना घेऊन चापडगावला जा. उजाडण्याआधी पोहोचा. भाकरी-चटणी बरोबर न्या, प्लास्टिक परत आणा. मोबाईलची गाणी बंद ठेवा. गावातल्या वाटाड्या पोरांना बरोबर घ्या. त्यांच्याकडे दुर्बीण असते, नावे पाठ असतात आणि आपण दिलेल्या पैशांवर त्यांचे घर चालते. मुलांना एका जागी अर्धा तास गप्प बसवणे कठीण, हे मलाही माहीत आहे. पण समोरच्या धुक्यातून पहिला थवा वर आला की ती आपोआप गप्प होतात.