सत्तावीस तास, दोन माणसं

संपादकांचा फोन आला तेव्हा कोलकात्याची फाइल माझ्या टेबलावरच होती. त्यांना लेख हवा होता तो 'बेताच्या पैशात जोडीनं मोठं शहर कसं पाहावं' यावर, आणि शक्यतो खर्चाच्या आकड्यांसह. आकडे देते. पण या फाइलीतल्या जोडप्याची सहल डिसेंबरपासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही, तेव्हा आकडेही त्यांचेच देते.

नागपुरात बावीस वर्षं मी लोकांच्या सहली आखून देते. 'तिकिटं काढून देणाऱ्या बाई' हीच माझी ओळख आहे. तिकीट आता कुणीही मोबाइलवर काढतं, त्यासाठी माझी गरज नाही. माझं काम त्या आधीचं आहे. एखाद्या शहरात तुमच्या हाताला खरे किती तास लागणार आहेत ते मोजायचं आणि त्या तासांत पैसा कुठे घालायचा ते ठरवायचं. लोक मला विचारतात, 'किती रात्री, किती दिवस?' ही हॉटेलवाल्यांची भाषा आहे, कारण ते रात्र विकतात. पाहणाऱ्याला उपयोग असतो तो जागेपणीच्या तासांचा.

जोडपं पन्नाशीच्या पुढचं. दादा एका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, वहिनी अंगणवाडी सेविका. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि मुलं, सासू, लग्नकार्य यांतलं काहीही सोबत नसलेला हा त्यांचा पहिला प्रवास. हाताशी पंचवीस हजार रुपये. कोलकाताच का, तर दादांना इतिहासाचं वेड. १७४२ मध्ये रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या तेव्हा घाबरलेल्या कलकत्त्यानं शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुढे बुजला, पण बागबाजारात 'मराठा डिच लेन' या नावाची गल्ली आजही आहे. आमच्या नागपूरच्या घोडेस्वारांची भीती तिथल्या अंगाईगीतांत 'बर्गी' म्हणून उरली आहे. दादांना ती गल्ली पाहायची होती. खरं सांगायचं तर मलाही ती त्यांना दाखवायची होती.

नागपूर ते हावडा अंतर सुमारे १,१३० किलोमीटर. मी गीतांजली निवडली. संध्याकाळी नागपुरात बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. या गाडीबद्दल मला जिव्हाळा आहे. १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना ही गाडी सुरू झाली ती वर्गभेद नसलेली गाडी म्हणून, सगळे डबे एकाच दर्जाचे. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या त्याही त्यांच्याच काळात. बेताच्या उत्पन्नाच्या माणसालाही पाठ असते, हे एका मंत्र्याला कळलं होतं. आता तिच्यात सगळे वर्ग आहेत. मी थ्री-एसी घेतलं, जाऊन-येऊन दोघांचे सहा हजारांच्या आसपास. इथे दादा म्हणाले, 'स्लीपरनं जाऊ, साडेतीन हजार वाचतील.' मी नाही म्हटलं. रात्रभर अवघडलेला माणूस दुसरा दिवस अर्धाच पाहतो.

गुरुवारी दुपारी पोचायचं, रविवारी दुपारच्याच गीतांजलीनं परतायचं. गुरुवारचे चार तास, शुक्रवारचे दहा, शनिवारचे दहा, रविवारचे तीन. एकूण सत्तावीस.

आता खोली. या मुद्द्यावर माझं बावीस वर्षं लोकांशी भांडण आहे, आणि व्यवसायातल्या मंडळींशीही. 'स्वस्तात बसवा' म्हटलं की सगळे पहिली कात्री खोलीला लावतात. दादांनीही राजारहाटच्या बाजूची बाराशे रुपयांची खोली शोधून ठेवली होती. मी सुचवली ती एस्प्लनेडजवळची, तिथले लोक ज्याला धर्मतला म्हणतात तिथली, एकोणीसशेची. तीन रात्रींचा फरक एकवीसशे. दादांना तो फार वाटला. मी कागद घेऊन बसले. लांबच्या खोलीहून शहरात यायला सव्वा तास, परतायला सव्वा तास. म्हणजे दोन पूर्ण दिवसांत पाच तास गेले, पहिल्या-शेवटच्या दिवशी सामानासह आणखी तीन. सत्ताविसाचे एकोणीस उरले. रात्री उशीर झाला की टॅक्सी करावीच लागते, म्हणजे वाचवलेल्या पैशातले निम्मे तिथेच गेले. आणि सगळ्यात मोठं नुकसान असं, की दुपारी खोलीवर येता येत नाही. पन्नाशीच्या माणसांना दुपारी तासभर पाठ टेकायला मिळाली, हातपाय धुऊन लुगडं बदलता आलं, तर संध्याकाळ नव्यानं सुरू होते. नाहीतर पाचलाच पाय बोलू लागतात आणि मग दोघं एकमेकांवर चिडतात. बेताच्या सहलीत भांडणं होतात त्यातली बरीचशी पायांची असतात, असं मी पाहत आले आहे.

एस्प्लनेड निवडण्याचं आणखी एक कारण होतं. मार्च २०२४ पासून हावड्याहून मेट्रो हुगळीच्या तळाखालून शहरात येते. नदीखालचा टप्पा ५२० मीटरचा, मिनिटभरही लागत नाही. हीच मेट्रो एस्प्लनेडला येते, आणि तिथेच उत्तर-दक्षिण जाणारी जुनी मेट्रो मिळते, देशातली पहिली, १९८४ ची. श्यामबाजार, दक्षिणेश्वर, कालीघाट, सगळं एका मार्गावर. भाडं पाच रुपयांपासून. चार दिवसांच्या फिरण्याला दोघांचे पंधराशे धरले, त्यात बोटीही आल्या. जेवणाचे चार हजार, खोलीचे सत्तावनशे, गाडीचे सहा हजार. झाले १७,२००. बाकीचे ७,८०० मी मुद्दाम मोकळे ठेवले.

वारांचा तक्ता तर मी अभिमानानं केला होता. सोमवारी इंडियन म्युझियम बंद, व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं बंद, जोडासांकोची ठाकूरबाडी बंद. रविवारी कॉलेज स्ट्रीटचे पुस्तकवाले नसतात. गुरुवारी मदर हाउस बंद. किती लोक सोमवारी कुलपं पाहून परत येतात आणि शहराला नावं ठेवतात! मी सोमवार सहलीत येऊच दिला नाही.

शनिवारी सकाळी बागबाजार, मराठा डिच लेन. तिथून श्यामबाजारला मेट्रो पकडून साडेअकराला दक्षिणेश्वर, तासाभरात दर्शन, मग बोटीनं पलीकडे बेलूर मठ. कागदावर हे फार सुंदर दिसत होतं.

शनिवार आणि मंगळवार हे कालीचे वार. मी सोमवार टाळण्यात इतकी गुंतले होते, की शनिवारच्या रांगेचा विचारच केला नाही. मोबाइल, पिशव्या, चपला जमा करण्यातच वीस मिनिटं गेली. दर्शन झालं आणि दुपारची दारं बंद झाली. माझ्या कागदावर पुढे बोट लिहिलेली होती. कागदाप्रमाणे ते दोघं बोटीत बसले.

परत आल्यावर दोघं माझ्या घरी आले, नोलेन गुडाचे संदेश घेऊन. दादा भरभरून बोलत होते. गल्लीत पाहण्यासारखं तसं काही नव्हतं, तरी ते तिथे दीड तास रमले होते. निघताना वहिनी दारात थांबल्या. म्हणाल्या, 'सगळं चांगलं झालं जी, ताई. शारदामांची खोली तेवढी राहिली.'

दक्षिणेश्वरच्या आवारात नहबतखाना आहे. त्याच्या खालच्या खोलीत रामकृष्णांच्या पत्नी शारदादेवी राहिल्या. इतकी लहान खोली, की तिथे एक माणूस धड वावरू शकत नाही, आणि त्यातच त्या रांधायच्या, पाहुण्या बायकांना निजवायच्या. वहिनी धंतोलीच्या रामकृष्ण मठातून निघणारं 'जीवन-विकास' वीस वर्षं वाचतात. अंगणवाडीच्या एका खोलीत तीस मुलं सांभाळणाऱ्या या बाईला ती खोली एकदा डोळ्यांनी बघायची होती. हे दादांना माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच, कारण मी खुद्द वहिनींना विचारलं नव्हतं. पहिल्याच फोनवर मी 'वहिनींना काय बघायचंय?' म्हटलं, तेव्हा दादा म्हणाले होते, 'तिचं काही नाही, मी म्हणेन ते.' मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेले. मी बाई असून पुढे गेले, याचा मला अजून त्रास होतो.

त्याहून वाईट मला नंतर समजलं. शारदादेवींचं बागबाजारातलं घर, मायेर बाडी, जिथे त्या १९०९ पासून येऊन राहत आणि १९२० मध्ये जिथे गेल्या, ते त्याच बागबाजारात आहे. आमच्या घोडेस्वारांच्या नावाच्या गल्लीत मी या बाईला दीड तास उभं केलं, आणि तिचं देऊळ पायी जाण्याच्या अंतरावर राहिलं. मोकळे ठेवलेले ७,८०० रुपयेही जसेच्या तसे परत आले. कुणाला विचारायचंच नव्हतं तर ते खर्च कुठे होणार?

तेव्हापासून मी दोघांना वेगवेगळा कागद देते. तीन गोष्टी लिहायच्या, एकमेकांना न दाखवता. पुरुष हसतात, काही रागावतातही. बायका बराच वेळ कागद कोरा धरून बसतात. मी थांबते. एकीनं अर्ध्या तासानं लिहिलं, 'समुद्राजवळ एकटीनं चहा.' नवरा-बायकोच्या सहलीत हे कसं बसवायचं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. पण तिला मी ते खोडायला लावलं नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा फोन आला, या वेळी वहिनींचा. येत्या जानेवारीत परत जायचं म्हणतात. खर्च तोच, खोली तीच. मी वार विचारले, तर त्यांनीच सांगितलं, 'मंगळवार-शनिवार सोडून.' रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याला अजून अवकाश आहे. पण कागद तयार झाला आहे. बुधवारी सकाळी पहिल्या मेट्रोनं दक्षिणेश्वर, सगळ्यांत आधी नहबतखाना. त्यापुढचा दुपारपर्यंतचा रकाना मी कोरा सोडला आहे.