सालवनातली वही : जगदलपूर

सोमवार
रायपूर-जगदलपूर बस ५०० रु. चहा-भजी ६०. लॉज ८००. केशकालच्या घाटात ट्रक आडवा, दोन तास खोळंबा. बूट ओले. जेवण नाही.

मंगळवार
संजय बाजारात बोडा, रानातली खायची बुरशी, आलाय! सुपारीएवढ्या, चिखलानं माखलेल्या गोळ्या. बायका सोलीच्या मापानं देतात. हंगामाचा पहिला माल, भाव मटणाच्या वर. पंचा अंथरून बसलेल्या एकीला भाव विचारला नि मुकाट पुढे सरकलो. बूट अजून ओलेच.

बुधवार
गावाबाहेरच्या सालवनात एका मावशींच्या मागं मागं. पहिल्या पावसानंतर कडक ऊन पडलं की सालाच्या मुळांशी बोडा धरतो. मावशी जमिनीला गेलेली बारीक भेग बघतात, काडीनं माती उकरतात, गोळी चिमटीत दाबतात, टोपलीत नाहीतर मागं. माझ्याकडे पुस्तक आणि ब्लेड. पुस्तकातले फोटो चिखलात कुचकामी, सगळे गोळे एकाच आईचे दिसतात. ब्लेड मात्र बोलतं. पहिला आत खोबऱ्यासारखा पांढरा, एकजीव : बोडा, म्हणजे अ‍ॅस्ट्रियस. दुसरा जाड सालीचा, दगडासारखा टणक, आत जांभळट काळा : स्क्लेरोडर्मा, खाल्ला तर ओकाऱ्या ठरलेल्या. तिसरा बाहेरून गोरागोमटा, पण उभा कापल्यावर आत मिटलेली छत्री, दांड्यासकट. अमानिटाचं पिल्लू! या कुळात जीवघेण्या जाती आहेत. आडवा कापला असता तर छत्रीचा आकार नीट कळला नसता, म्हणून काप नेहमी वरून खाली. मावशींनी तो न कापताच फेकला असता.

कुजक्या ओंडक्यावर गुलाबी मणी दिसले. एक दाबला, बोटावर गुलाबी पेस्ट. लायकोगाला, ही बुरशीसुद्धा नव्हे, स्लाइम मोल्ड. मावशी पोट धरून हसल्या.

जून झालेला बोडा फाटून चांदणी होतो. ओल लागली की पाकळ्या उघडतात, वाळला की मिटतात. मधल्या पिशवीवर थेंब पडला की तपकिरी धूर निघतो, तेच बीजाणू. मावशींच्या लेखी तो कचरा.

गुरुवार
पाऊस. बूट. लॉजवरच पडून.

शुक्रवार
लॉजवाल्यांच्या घरी बोड्याचं कालवण. सहा पाण्यांनी धुऊनही दाताखाली कचकच. कांदा, टोमॅटो, तिखट, बाकी मसाला नको म्हणाले, बरोबरच म्हणाले. वरचं कवच कुरकुरीत फुटतं, आतलं लोण्यासारखं. भात तीनदा घेतला.

उद्या चित्रकोट. इंद्रावती भामरागडला पाहिलीय, तिचा धबधबा पाहायचा राहिलाय. बस सहाला म्हणतात, म्हणजे आठला.