निघालेली दाढ आणि उरलेला खळगा

दात जबड्याच्या हाडाला चिकटलेला नसतो. हाडात त्याच्या मुळाच्या आकाराचा खळगा असतो आणि मूळ व खळग्याची भिंत यांच्यामध्ये बारीक तंतूंचे अस्तर असते. त्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटरच्या आसपास. या अस्तरावर दात तोललेला असतो. कडक भाकरीचा तुकडा चावताना हाडाला हिसका बसत नाही तो या तंतूंमुळे, आणि घासात खडा आला तर तो क्षणात कळतो तेही त्यांच्यातल्या संवेदनेमुळे. दाढ काढणे म्हणजे हे तंतू सोडवणे आणि खळगा थोडा रुंद करणे. जोराने ओढण्याचा भाग या कामात अगदी थोडा असतो. एवढी गोष्ट आधी कोणी सांगितली, तर खुर्चीत बसणाऱ्याची पुष्कळ भीती दवाखान्याच्या दारातच ओसरेल.

बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरसारख्या गावात दाढदुखीची एक ठरलेली वाट असते. पहिला ठणका लवंगेवर भागतो. लवंगेच्या तेलातले युजेनॉल मज्जातंतू काही काळ बधिर करते, त्यामुळे हा उपाय खोटा नाही. फक्त त्याने कीड थांबत नाही. दुसऱ्या वेळी मेडिकलमधून गोळी येते. तिसऱ्या वेळी रात्रभर झोप नसते, सकाळी गालफड सुजलेले असते, आणि मग अंबाजोगाई किंवा परळी गाठली जाते. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, खासगी दातांचे दवाखाने आहेत, आणि अवघड दाढेसाठी लातूरचे दंत महाविद्यालयही फार लांब नाही. अंतर आड येत नाही. आड येतो तो वेळ.

हा वेळेचा हिशेब समजून घेतल्याशिवाय या भागातल्या दाढा का निघतात हे कळत नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. फडात एक दिवस काम चुकले की खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात. मुळापर्यंत किडलेली दाढ रूट कॅनालने वाचवता येते, पण त्याला बहुतेक वेळा दोन-तीन खेपा लागतात आणि वर कॅप बसवावी लागते. दाढ काढायला एक खेप पुरते. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्याबरोबर “काढूनच टाका” असे शब्द येतात. त्यामागे अडाणीपणा नसतो, साधा मजुरीचा हिशेब असतो. तरीही डॉक्टरांनी दाढ वाचण्यासारखी आहे असे सांगितले, तर तो विचार एकदा करावाच. निघालेली दाढ परत येत नाही, आणि कृत्रिम दात कितीही चांगला असला तरी त्याच्याखाली ते तंतूंचे अस्तर नसते.

काही दाढा मात्र काढाव्याच लागतात. किडीने वरचा भाग झडून नुसती मुळे उरलेली दाढ. हिरड्यांच्या रोगाने भोवतालचे हाड झिजून खिळखिळी झालेली. मुळापर्यंत उभी चिरलेली. किंवा जागा न मिळाल्याने हाडात आडवी अडकून पुन्हा पुन्हा सुजणारी अक्कलदाढ. हिरड्यांच्या रोगाला तंबाखू, मिश्री आणि ताब्यात नसलेला मधुमेह यांची मोठी साथ असते. तरणाताठा माणूस दात हलतात म्हणून आला, तर रक्तातली साखरही तपासून घेतलेली बरी.

वरची दाढ काढली की नजर कमी होते, अशी समजूत खेड्यापाड्यांत अजून पक्की आहे. तिला नुसते हसण्यावारी नेणे योग्य नाही, कारण तिची मुळे फार जुन्या वैद्यकात आहेत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये असे सांगितले आहे. रक्त फार वाहून आंधळेपण किंवा तोंडाचा पक्षाघात होईल, अशी भीती तिथे घातली आहे. रक्तस्राव थांबवण्याची साधने तुटपुंजी असलेल्या काळातली ती सावधगिरी होती. आज शरीररचना स्पष्ट माहीत आहे. दातांची संवेदना एका मज्जातंतूतून मेंदूकडे जाते, दृष्टीची दुसऱ्याच. दाढ काढल्याने चष्म्याचा नंबर वाढत नाही. चाळिशीनंतर दाढाही निघतात आणि जवळचे दिसणेही कमी होते. दोन्ही गोष्टी एकाच वयात येतात, एवढाच त्यांचा संबंध.

दाढ काढायला उपाशीपोटी जाऊ नये. अनेक जण ऑपरेशन म्हणजे उपास असे समजून सकाळपासून काही न खाता येतात, आणि मग इंजेक्शननंतर घेरी येते ती बहुधा भीतीने आणि रिकाम्या पोटाने. जागेवरच भूल द्यायची असेल तर व्यवस्थित जेवून, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या घेऊन जावे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे, निर्णय त्यांचा. हृदयाची झडप बदललेली असणे, गरोदरपण, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे, पूर्वी एखाद्या औषधाची आलेली रिअॅक्शन, हेही आधीच सांगायचे. गरोदर बाईची दाढ काढणे टाळता येत नसेल तर चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सोयीचा. डॉक्टर एक छोटा एक्स-रे काढतात. मुळे किती, सरळ की वाकडी, नस किती जवळ, हे त्यात दिसते. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळे असतात, वरच्या दाढेला तीन.

मग भूल. सगळ्या प्रसंगातला खरा टोचण्याचा क्षण हाच, आणि तो काही सेकंदांचा असतो. वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्याने दाढेच्या शेजारी हिरडीत औषध सोडले की पुरते. खालचे हाड टणक. तिथे जबड्याच्या मागच्या बाजूला, नस हाडात शिरते त्याच्या अलीकडे औषध द्यावे लागते. त्यामुळे निम्मा ओठ आणि बहुधा निम्मी जीभही बधिर होते. ओठ सुजून लोंबतो आहे असे वाटते; आरशात पाहिले तर तो होता तसाच असतो. औषधात बहुधा अॅड्रेनालीन मिसळलेले असते, त्याने दोन-तीन मिनिटे छातीत धडधडल्यासारखे होऊ शकते. जिथे फार पू झालेला असतो तिथे भूल नीट चढत नाही, कारण तिथली आम्लता औषधाचा परिणाम कमी करते. दुखणे सुरू झाल्यावर महिनाभर थांबण्याचा हा एक मोठा तोटा.

हे औषध म्हणजे लिग्नोकेन, स्वीडनमध्ये 1943 साली प्रथम तयार झालेले. भूलच नव्हती त्या काळातला माणूस दाढ काढताना काय सोसत असेल याची कल्पना केलेली बरी नाही. शस्त्रक्रियेतल्या भुलीच्या इतिहासात दाढेला मोठे स्थान आहे. 1844 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली आणि दुखले नाही हे जगाला सांगितले. दोन वर्षांनी बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन दाखवणारा मॉर्टनही दंतवैद्यच. आज जगभरची मोठमोठी ऑपरेशने ज्या भुलीवर चालतात, तिच्या सुरुवातीला दाढेचे दुखणे आहे.

ओठ जड झाला की डॉक्टर आधी हिरडी दाढेपासून सोडवतात, मग एका चपट्या टोकाच्या हत्याराने दाढ हलवून सैल करतात आणि शेवटी चिमट्यात धरून आतबाहेर डोलवतात. जमिनीत रोवलेला खुंट उपटण्याआधी हलवून हलवून सैल करतात, तीच रीत. या वेळी दाब जाणवतो, आणि तो बराच जाणवतो. कडकड असा आवाजही येतो. तो हाडातून थेट कानात पोचत असल्याने असतो त्याहून मोठा वाटतो. भूल दुखणे थांबवते, दाब आणि आवाज थांबवत नाही. टोकदार दुखले तर हात वर करावा, आणखी औषध देता येते. सोसत बसण्यात काही मोठेपणा नाही. साधी दाढ काही मिनिटांत निघते. अडकलेल्या अक्कलदाढेसाठी हिरडी कापून थोडे हाड काढावे लागते, दाढेचे तुकडे करावे लागतात आणि टाके पडतात.

इथे बहुतेकांना काम संपले असे वाटते. जपण्याचे काम मात्र इथेच सुरू होते.

रिकाम्या खळग्यात रक्त भरते आणि त्याची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे जखमेवरचे झाकण आणि पुढे तयार होणाऱ्या हाडाचा पाया. तिच्यातच नव्या पेशी शिरतात, रक्तवाहिन्या वाढतात. ती टिकली तर बाकीचे सगळे शरीर आपण होऊन करते. गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायचा. रक्त थांबले का हे पाहायला दर पाच मिनिटांनी काढायचा नाही. थुंकायचे नाही, तोंडातली लाळ गिळायची. थुंकताना तोंडात जी ओढ निर्माण होते तिने गुठळी सुटते. आपल्याकडे हीच सूचना सर्वांत जास्त मोडली जाते, कारण तोंडात रक्ताची चव आली की थुंकणे हाताबाहेरचे वाटते. लाळेत थोडे रक्त मिसळले तरी सगळे तोंड रक्ताने भरल्यासारखे दिसते. पहिल्या दिवशी गुलाबी लाळ येणे स्वाभाविक आहे. दोन तासांनंतरही ताजे लाल रक्त भरून येत असेल, तर स्वच्छ कापडाची घडी दाबून धरून परत जावे.

पहिले चोवीस तास गुळणी नाही, गरम चहा नाही, बिडी, तंबाखू आणि मिश्री तर नाहीच. धुरातले आणि तंबाखूतले निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, जखमेला रक्त कमी पडते. भूल असेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, ओठ किंवा गाल दाताखाली येणार नाही याकडे लक्ष ठेवायचे. लहान मुलांच्या बाबतीत आईने शेजारीच बसावे. पहिल्या दिवशी दहीभात, निवलेली खिचडी, ताकातली ज्वारीची आंबील, दुधात कुस्करून मऊ केलेली भाकरी चालते. शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा चार-पाच दिवस बाजूला ठेवावा, त्याचे कण खळग्यात जाऊन बसतात. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जोर न लावता, जेवणानंतर तोंड खळखळावे. दिलेली दुखण्याची गोळी भूल उतरण्याआधीच घ्यावी. खळग्यात लवंग, कापूर किंवा तंबाखूची गोळी कोंबू नये.

दुखणे पहिल्या दोन दिवसांत असते आणि मग रोज कमी होत जाते. तसे न होता तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक ठणका वाढला, तो कानापर्यंत गेला, तोंडाला घाण वास आला, तर गुठळी निघून हाड उघडे पडले असे समजावे. यात जिवाला धोका नसतो, पण वेदना मूळ दाढदुखीहून वाईट असते आणि नुसत्या गोळ्यांनी ती जात नाही. डॉक्टर खळगा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि बहुधा त्याच दिवशी आराम पडतो. वेगळी आणि खरी धोक्याची गोष्ट म्हणजे जिभेखाली व गळ्याकडे पसरणारी सूज, ताप, गिळता न येणे, तोंड न उघडणे. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. रात्री असेल त्या गाडीने अंबाजोगाईचे मोठे रुग्णालय गाठायचे.

तीन-चार आठवड्यांत हिरडी जखमेवर येते. खळगा हाडाने भरायला तीन-चार महिने, कधी त्याहून अधिक लागतात. मधल्या काळात हाडाची एखादी टोकदार कपची हिरडीतून वर येऊ शकते. घाबरण्याचे कारण नाही, ती सहज काढता येते. जागा तशीच सोडली तर शेजारच्या दाढा तिच्याकडे कलतात आणि समोरची दाढ हळूहळू त्या जागेकडे सरकते. दोन-तीन महिन्यांनी तिथे दात बसवण्याचा विचार करावा. अक्कलदाढ असेल तर त्याची गरज नसते.

टाके सातव्या दिवसाच्या सुमारास काढतात, आणि गुठळी सुटण्याचा धोका पहिल्या आठवड्यातच सर्वांत जास्त असतो. ऊसतोडीला जायचे असेल तर गाव सोडण्याच्या किमान पंधरा दिवस आधी दाढ काढून घ्यावी, म्हणजे काही बिघडले तरी डॉक्टर हाताशी असतात आणि फडात खाडा पडत नाही.