खाल्ल्या मिठाचा प्रश्न

गुन्हेपटाच्या अभ्यासाला आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याने आधी कोणता मराठी चित्रपट पाहावा, असे कोणी विचारले की मी 'सामना'चे नाव घेतो. विजय तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचे दिग्दर्शन असलेला हा चित्रपट 1975 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्याची चर्चा प्रायः राजकीय चित्रपट म्हणून होते. मला मात्र तो प्रथमतः एका विजोड मैत्रीचा रहस्यपट वाटतो.

गुन्हेकथेत दोन कथा नांदतात, एक गुन्ह्याची व दुसरी तपासाची, असे तोदोरोव्हने 1966 मध्ये मांडले. 'सामना'त ही दुसरी कथा म्हणजेच मैत्रीची कथा होय. साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील (निळू फुले) एका भणंग, मद्यपी मास्तराला (श्रीराम लागू) आश्रय देतात. मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, हे तेथे विचारतो तो हा पाहुणा. पोलीस नव्हे, वकीलही नव्हे. होयबांनी वेढलेल्या हिंदुरावांना बरोबरीने बोलणारा कोणी हवा आहे. म्हणूनच जो आवाज सहज दडपता आला असता, तो ते ऐकत राहतात. गुन्हेगाराची ही भूकच तपासाला वाट देते. येथील उत्कंठा 'खून कोणी केला' यापेक्षा 'हे विचारण्याचा अधिकार कोणाला' या प्रश्नाभोवती फिरते.

मी राहतो ते कुसगाव भातशेतीच्या मावळातले. प्रवरानगरला 1950 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यानंतर उसाच्या पट्ट्यात जे सत्ताविश्व घडले, ते आमच्याकडे नाही. तरीही द्रुतगती मार्गाबरोबर जमिनीला मोल चढले की, ज्याच्या ओसरीवर चहा घेतला त्याला अवघड प्रश्न विचारू नये, हा संकेत येथेही कळतो. त्यामुळे हिंदुरावांचा वाडा मला परका वाटत नाही.

खाल्ल्या मिठाला जागणे ही आपली जुनी नीती. मास्तर तिचा भंग करतो की तिला नवा अर्थ देतो? माझ्या मते, यजमानाला माणूस मानूनच तो त्याला उत्तरदायी धरतो. ज्याच्याकडून सत्याची अपेक्षाच उरलेली नाही, त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. विद्यापीठे, अनुदाने, पुरस्कार यांच्या ओसरीवर बसलेल्या आपल्या समीक्षेने हा चित्रपट पुन्हा पाहावा तो यासाठी. आपण कोणाचे मीठ खातो याहून, ते खाऊन काय विचारतो, यावर तिची प्रतिष्ठा ठरेल.