अगत्तीच्या समुद्रात कॅमेरा सांभाळताना

लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर जायला कोचीहून विमान मिळतं. प्रवेश परवाना मात्र आधीच काढून ठेवा. टूना पकडणाऱ्या बोटीवर फोटो काढायचे असतील, तर तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. एसीच्या खोलीत गार झालेला कॅमेरा पहाटे दमट हवेत बाहेर काढला, की लेन्सवर बाष्प धरतं. मी एकदा ते शर्टाच्या टोकाने पुसत बसले आणि तेवढ्यात माशांचा पहिला थवा निघूनही गेला. बॅग रात्री व्हरांड्यातच राहू द्या.

इथे टूना जाळ्याने नाही, काठीने पकडतात. ही रीत मूळची मिनिकॉय बेटाची. आधी लगूनच्या उथळ पाण्यात बारीक मासे धरायचे आणि बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवायचे. मग प्रवाळभिंतीबाहेर पक्षी घिरट्या घालताना दिसले, की बोट तिकडे वळते. एकजण बारीक मासे मूठमूठ फेकतो, बोटीवरून पाण्याचे फवारे उडतात, आणि स्किपजॅक टूनाला वाटतं, वर खाद्याची चंगळ आहे! गळाला उलटा काटा नसतो. त्यामुळे काठीला हिसका दिला, की मासा हवेतून येऊन डेकवर आदळतो आणि आपोआप सुटतो.

म्हणूनच काठीवाल्यांच्या मागे उभं राहू नका. मासा आणि गळ दोन्ही तिकडेच येतात. कुठे बसायचं ते तांडेलाला विचारा. त्यांचं पोट या पाच-दहा मिनिटांवर आहे, आपली तर नुसती हौस. बाजूला खाली बसलात तर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उडता मासा छान मिळतो.

शटर १/२००० ठेवा आणि सलग फोटो घ्या. लेन्स २४-७० मिमी पुरते. हलत्या बोटीवर लांब लेन्सचा उपयोग कमीच, आणि खाऱ्या वाऱ्यात लेन्स बदलणं तर नकोच. पोलरायझर फिल्टरने पाण्यावरची चकाकी जाते. मात्र प्रकाशही घटतो, म्हणून आयएसओ थोडा वाढवा. माशाचं चंदेरी पोट पांढरंफटक दिसत असेल, तर एक्स्पोजर जरा कमी करा. टोपीखालचे चेहरे मग काळवंडतात, तिथे भर दुपारीसुद्धा फ्लॅश वापरा. आणि घाई करा, कारण मेल्यावर टूनाचा रंग बघता बघता उतरतो.

फोनवाल्यांनो, आयपी६८ ची चाचणी गोड्या पाण्यात होते, हे विसरू नका. फोन पाऊचमध्ये ठेवा, दोरी गळ्यात अडकवा. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, तेव्हा आवाजाच्या बटणाने फोटो काढा.

परतल्यावर कॅमेरा कोरड्या फडक्याने घासू नका. मिठाच्या कणांनी ओरखडे पडतात. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने हळूच पुसा, वाळू द्या, मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

एक बॅटरी मात्र मागे राखून ठेवा. किनाऱ्यावर टूना उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून ‘मासमीन’ करतात. त्या धुरात उतरतं ऊन शिरलं, की समुद्रातले फोटो तुम्ही विसरून जाल.