आवाजाची नोकरी

बाळ कुडतरकर १९३९ साली मुंबई रेडिओवर रुजू झाले तेव्हा अठरा वर्षांचे होते. २०१९ साली ते गेले तेव्हा त्यांचं वय होतं ९८. एवढ्या लांब आयुष्यात रस्त्यावर त्यांना किती जणांनी चेहऱ्यावरून ओळखलं असेल, देव जाणे. आवाज मात्र घराघरात ठाऊक होता. रेडिओवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी म्हणजे कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी, हे कितीतरी घरांत कुणाला माहीतही नव्हतं. तिथे ती तिघं सख्खी माणसं होती. मीनावहिनींनी महागाईबद्दल तक्रार केली की आमच्या आईला आपलीच बाजू कुणीतरी मांडली असं वाटायचं. पुढच्या आठवड्यात भाव उतरले नाहीत, तरी मीनावहिनी ठरल्या वेळी पुन्हा येणार, याची खात्री असायची.

मी तारोडीत राहतो. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं आणि मिठागरांची सपाट जमीन मागे टाकत आपण डोंगरीच्या बाजूला येतो. त्याच पट्ट्यात आमचं गाव. इथून मुंबई दिसायला जवळ आणि पोचायला लांब. नाटकाला जायचं म्हणजे शेवटच्या बसचा हिशोब आधी मांडायचा. त्यामुळे माझ्या लहानपणी आमच्याकडे नाटक यायचं ते रेडिओतूनच, आणि नट म्हटलं की डोळ्यांपुढे चेहरा येण्याआधी कानात आवाज यायचा. नटांच्या कारकिर्दीबद्दल मी विचार करू लागलो तो या बाजूने. रेडिओवरचा नट इतकी वर्षं दर आठवड्याला येत राहिला, तर त्याचं घर कशावर चालत होतं?

रेडिओच्या नाटकाचं काम बाहेरून फार सोपं वाटतं. पाठांतर नाही, रंगरंगोटी नाही, हातात कागद असतो. पण तो कागदच पहिला शत्रू. पान उलटताना सळसळ झाली तर मीनावहिनींच्या स्वयंपाकघरात कागदाचा ढिगारा ऐकू येणार. म्हणून संहितेची टाचणी काढून सुटी पानं धरायची, वाचून झालेलं पान आवाज न करता बाजूला सारायचं, आणि हे करताना नजर पुढच्या ओळीवर, कान समोरच्या नटाच्या श्वासावर ठेवायचा. खोलीत येणारं पात्र दोन-तीन पावलं मागून बोलत माइककडे येतं. कानात सांगायची गोष्ट ओठ माइकला लागतील इतक्या जवळून सांगायची, तीही ‘प’ आणि ‘फ’चा फुत्कार न उडवता. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या. रडताना नाक ओढायचं, पण शब्द गिळायचा नाही. राग आला म्हणून हात उगारला तर तो माइकच्या दांड्याला लागणार, तेव्हा सगळा राग गळ्यातच मावला पाहिजे. हे कसब एक-दोन कार्यक्रमांत येत नाही. रोज स्टुडिओत जाऊन, कधी वनिता मंडळासाठी, कधी कामगारांच्या कार्यक्रमासाठी, कधी नुसती निवेदनं वाचून ते अंगात मुरतं. कुडतरकरांना हे रोज करता आलं याचं कारण साधं आहे. ती त्यांची नोकरी होती.

मराठी नटांच्या आठवणी सांगताना आपण टाळ्या सांगतो, वन्स मोअर सांगतो, पडत्या काळातलं दारिद्र्य सांगतो. पगाराबद्दल कुणी बोलत नाही. माझं स्पष्ट मत आहे की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आपला बराचसा सकस अभिनय महिन्याच्या पगाराच्या आधाराने उभा राहिला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढे १९७७च्या सुमारास चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर औषध कंपनीत नोकरी करत होते. गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते. आमच्या गावात तेव्हा टीव्ही मोजक्याच घरांत. ज्यांच्याकडे असेल त्यांच्या ओसरीवर सगळी आळी जमायची. त्या गर्दीला हे ठाऊक नव्हतं की समोर दांडगाई करणारा गुंड्याभाऊ सकाळी महापालिकेच्या कामावर असतो. कर्व्यांना लोक पुढे जन्मभर गुंड्याभाऊ म्हणूनच ओळखत राहिले. एका भूमिकेने नट गिळून टाकला असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. ज्याची चूल त्या भूमिकेवर अवलंबून नाही, त्याला ती भूमिका गिळू शकत नाही. कर्वे नाटकं करत राहिले, सिनेमात छोटी कामं करत राहिले, जे पटलं ते करत राहिले.

प्रभावळकरांचं तर विशेषच. बालनाट्यातली चेटकी, ‘चौकट राजा’मधला नंदू, ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूचा तो घोगरा, अंगावर काटा आणणारा आवाज, आबा टिपरे, आणि २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी. ही यादी एकाच माणसाची आहे हे पटायला वेळ लागतो. घाईत असलेल्या नटाला अशी यादी जमत नाही. पुढचं काम मिळावं म्हणून मागच्या कामासारखंच काम घ्यावं लागतं, आणि दहा वर्षांनी वळून पाहिलं तर दहा वेळा तेच पात्र उभं राहिलेलं दिसतं. वेगळं काहीतरी हाती येईपर्यंत थांबायला सवड लागते. सवडीची किंमत कुणीतरी भरावी लागते, आणि प्रभावळकरांच्या सुरुवातीच्या वर्षांत ती पगाराने भरली असं मी मानतो.

हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. गॉर्डन जॅक्सन नावाचा स्कॉटलंडचा नट होता, ग्लासगोचा, जन्म १९२३चा. शाळकरी वयात बीबीसीच्या रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात कामं करायचा. शाळा सोडल्यावर रोल्स-रॉइसच्या कारखान्यात ड्राफ्ट्समनच्या कामाला लागला. १९४२ साली पहिला सिनेमा मिळाला, तो करून पठ्ठ्या परत ड्रॉइंग बोर्डापाशी. असे काही सिनेमे होईपर्यंत कारखाना सुटला नव्हता. पुढे ‘द ग्रेट एस्केप’मध्ये त्याने एक प्रसंग केला आहे. जर्मन छावणीतून पळालेला ब्रिटिश अधिकारी बसमध्ये चढतोय, कागदपत्रं तपासून झाली आहेत, फ्रेंच बोलून सुटलाय. तेवढ्यात तपासणारा जर्मन इंग्रजीत सहज शुभेच्छा देतो आणि हा सवयीने इंग्रजीतच आभार मानतो. संपलं. दोन शब्दांत माणूस मरतो. हीच चूक करू नका म्हणून त्याने छावणीत दुसऱ्यांना बजावलेलं असतं. ते दोन शब्द जॅक्सन इतक्या भल्या माणसासारखे बोलतो की आपण त्याला दोषही देऊ शकत नाही. रेडिओवर वाढलेल्या नटाची ती जागा आहे असं मला प्रत्येक वेळी वाटतं. मग १९७१ ते १९७५ टेलिव्हिजनवर ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’मधला बटलर हडसन. नायक तो फारसा कधी झाला नाही. १९९०मध्ये गेला तोवर काम मात्र करत राहिला.

यावर कुणी डॉ. श्रीराम लागूंचं नाव घेईल. घ्यायलाच हवं. त्यांनी १९६९ साली, बेचाळिसाव्या वर्षी, शस्त्रक्रियेची चालती प्रॅक्टिस सोडली आणि पूर्णवेळ रंगभूमीवर आले. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ झालं. पण त्याआधीची वर्षं पाहा. कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून पुण्यात आणि टांझानियातल्या टाबोरात त्यांनी काम केलं होतं. त्यांची उडी धाडसाची होती, पण पायाखाली कातळ होता. निळू फुल्यांच्या पायाखाली तेवढाही नव्हता. ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. तुटपुंज्या पगारातले दहा रुपये ते सेवा दलाला द्यायचे. झाडांना पाणी घालणारा हा माणूस पुढे पडद्यावर नुसत्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून अख्ख्या थिएटरला दचकवू लागला. माळीकामाने त्याच्यातला नट कमी झाला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आता आमच्या बाजूला या. मीरा रोड, काशिमीरा, पलीकडे नायगाव हा सगळा मालिकांच्या सेटचा पट्टा झाला आहे. खाडीपलीकडच्या मढ बेटावरचे बंगले रोज कुठल्या ना कुठल्या मालिकेत श्रीमंतांची घरं होतात. मीरा रोडच्या एकेका फ्लॅटमध्ये चार-चार, पाच-पाच पोरं राहतात, देशभरातून आलेली. सगळी ऑडिशनवाली. काम मिळालं तर बारा तासांची शिफ्ट, पैसे दिवसाच्या हिशोबाने, आणि ते हातात पडणार नव्वद दिवसांनी. हा या धंद्याचा रूढ रिवाजच आहे. जानेवारीत रडलात तर एप्रिलमध्ये जेवा. ट्रॅक बंद झाला की पात्र परदेशी जातं किंवा अपघातात मरतं, आणि भाडं थकतं. त्या पोरांत गुण कमी आहेत असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीच्या दोघा-तिघांचं काम मी पाहिलं आहे. त्यांना नाही म्हणण्याची सोय नाही, एवढंच. आणि नाही म्हणता येत नसेल तर नटाची निवड त्याच्या हातात उरत नाही.

आमच्या शेजारच्या घरातला एक मुलगा हे सगळं करून परत आला. दीड-दोन वर्षं मीरा रोडला राहिला, एका मालिकेत इन्स्पेक्टरच्या मागे उभा राहिला, एकीत त्याला चार वाक्यं होती. एका कामाचे पैसे अजून यायचेत. मग घरच्यांच्या आग्रहाने भाईंदरला एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात लागला. महिनाभर त्याचं तोंड उतरलेलं होतं. एकदा बसस्टॉपवर भेटला तेव्हा मला म्हणाला, “काका, संपलं आता. मी काय नट राहिलो?”

मी त्याला कुडतरकरांबद्दल सांगितलं. बाळ कर्व्यांबद्दल सांगितलं. त्याने ‘पुन्हा प्रपंच’ हे नाव ऐकलेलं नव्हतं. आकाशवाणीवर अजूनही नाटकाच्या कलाकारांची आवाजाची चाचणी होते, श्रेणी मिळते, हेही त्याला माहीत नव्हतं. मंत्रालयाजवळचं ते ऑफिस शोधत तो गेला. पहिल्या खेपेला नापास झाला. ‘श’ आणि ‘ष’ची गल्लत आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडण्याची सवय, दोन्ही त्याला तिथेच कळलं. मग काही महिने सकाळच्या बसमध्ये बसून तो पुटपुटत वाचायचा. कंडक्टरलाही सवय झाली. दुसऱ्या खेपेला त्याला ‘बी’ श्रेणी मिळाली. त्यातून वर्षाकाठी मोजकीच रेकॉर्डिंग्ज मिळतात, मानधन बेताचं. घर चालेल असा तो पैसा नाही, आणि मुलाला त्यावर घर चालवायचंही नाही. आता तो हातात येईल ते वाचत नाही, कुठला भाग मिळाला की आधी पूर्ण नाटक मागून घेतो. एक भूमिका पटली नाही म्हणून त्याने सोडली, हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज वेगळाच लागला होता.

पहिल्या रेकॉर्डिंगसाठी त्याला अर्धा दिवस सुट्टी हवी होती. मालकाला काय सांगायचं यावर त्याच्या घरी बरीच खलबतं झाली. आईचं म्हणणं, आजारी आहे म्हण. शेवटी त्याने खरं तेच सांगितलं. मालकांनी आधी नाटकाचं नाव विचारलं, मग ते कधी लागणार ते विचारलं, आणि म्हणाले, “जा की. फक्त महिन्याची वीस तारीख सोडून. त्या दिवशी जीएसटीचे रिटर्न भरायचे असतात.”